अन्वरचं निम्मं खरं

अन्वर, तू गेलास हे कळलं तेव्हा मला आधी रागच आला, हे सांगून टाकतो. रडू नंतर आलं, तेही तुझ्या घरी नाही. माझ्या दवाखान्यात, एका म्हाताऱ्याच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधताना. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "डॉक्टर, लई वाढलंय का माझं?" मी म्हणालो, "तुमचं ठीक आहे हो, माझंच वाढलंय." त्याला काही कळलं नाही, आणि मीही समजावत बसलो नाही.

परवा कॉलेजात तुझी शोकसभा झाली. तुला हसू आलं असतं. फोटोला हार, उदबत्ती, आणि ज्यांनी हयातीत तुला स्टाफरूममध्ये नीट बसू दिलं नाही ते पहिल्या रांगेत. एकेक उठून बोलले. विद्यार्थीप्रिय शिक्षक, वक्तशीर, मितभाषी. मितभाषी! माझ्याशी तासन्तास भांडणारा माणूस मितभाषी. शेवटी एक जण म्हणाला, "सरांना संशोधनाचीही आवड होती." आवड म्हणे, कुणाला पत्त्यांची असते तशी. मला बोलायला उठवत होते, मी मानेनंच नाही म्हटलं. उठलो असतो तर काय बोललो असतो कुणास ठाऊक. म्हणून हे लिहायला बसलोय. एका कृष्णाकाठच्या गावाची हकीकत यात येणार आहे, त्याचं नाव देत नाही. तिथल्या एका मुलीचंही खरं नाव लिहीत नाही, शालन म्हणतो. तू समजून घेशील.

मेडिकलला आपण एका खोलीत राहिलो, ते दिवस सोडून देऊ. पास झाल्यावर मी कुरुंदवाडला दवाखाना टाकला, आणि तू चांगली प्रॅक्टिस होण्यासारखी असताना कोल्हापुरात कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायला लागलास. तुझ्या अब्बांनी माझ्याजवळच तक्रार केली होती. भांड्यांना कल्हई करून त्यांनी तुला डॉक्टर केलं होतं. हातातलं पातेलं भट्टीवर फिरवत, नवसागराच्या धुरातून डोळे मिचकावत ते म्हणाले, "आमी भांड्याला कल्हई करतो, ह्यो बेडकाला करतोय. ह्येला काय म्हणायचं तुमीच सांगा पाटील डॉक्टर."

आणि बेडूकच होते की. कॉलेजनं तुला मागच्या अंगाच्या दोन खोल्या दिल्या होत्या. तिथं सिमेंटच्या हौदात नदीकाठच्या वाफ्यांतून धरून आणलेले बेडूक. त्यांच्या पोटाचं कातडं तू दोन काचेच्या कुप्यांच्या मधे ताणून बसवायचास, दोन्ही बाजूंना खारट पाणी भरायचास, तारा जोडायचास आणि काट्याकडं बघत बसायचास. मी पहिल्यांदा आलो तेव्हा विचारलं, "हे बेडूक मेलेलं आहे ना रे?" तू म्हणालास, "बेडूक मेलंय. कातड्याला कुठं म्हाईत हाय?" ते कातडं मेल्यानंतरही कितीतरी वेळ मीठ एका बाजूनं उचलून दुसऱ्या बाजूला टाकत राहायचं, आणि काटा हलत राहायचा. तुला ते बघताना मी बघत होतो. असा आनंद माझ्या धंद्यात मला कधी झाला नाही, आणि त्याचा थोडा हेवाही वाटला.

मूत्रपिंड कसं चालतं ते मला परीक्षेपुरतं येत होतं. समजलं ते तुझ्याकडून. तू म्हणायचास, दिवाळीच्या आधी बायका कसं सगळं घर अंगणात काढतात आणि मग लागेल तेवढंच परत आत नेतात, तसं ते करतं. रक्तातलं सगळं आधी बाहेर काढतं, मग मीठ, साखर, पाणी ज्याचं त्याचं पारखून आत घेतं, उरेल ते लघवीवाटे जातं. हे पारखून आत घेणं कसं होतं, कातडीसारख्या पातळ पडद्यातून एकेक क्षार कसा ओढला जातो, एवढंच तुला आयुष्यभर बघायचं होतं. त्यातही मॅग्नेशियम. सोडियम आणि पोटॅशियमच्या मागं सगळं जग लागलंय, मॅग्नेशियमला कुणी पुसत नाही, असं तू घरच्या माणसावर अन्याय झाल्यासारखं सांगायचास. एकदा रझियावहिनी म्हणाल्या होत्या, "ह्यांना दुसरी बायको करायला सवड कुठाय, मॅग्नेशियम हाय की."

त्या गावांकडं तुला मीच नेलं. माझ्याकडं नदीकाठच्या खेड्यांतून एकाच तऱ्हेचे पेशंट यायचे: मुतखडे, हातापायाला पेटके, आणि तेही घरंच्या घरं. बापाला, चुलत्याला, पोरांना. तू एका रविवारी एसटीनं आलास, माझ्या स्कूटरवर मागं बसून त्या गल्ल्यांतून फिरलास आणि संध्याकाळी माझ्या ओसरीवर चहा थंड करत म्हणालास, "बाळ्या, ह्यांची मूत्रपिंडं मॅग्नेशियम गळू देत असतील तर?" मॅग्नेशियम लघवीत असलं की खडे धरत नाहीत असं तेव्हा बोललं जायचं, म्हणून मी उलट विचारलं, की मग खडे का होतात? तू म्हणालास, तेच तर बघायचं. खडे आधी की गळती आधी, हे भांडण त्या ओसरीवर सुरू झालं आणि बरीच वर्षं चाललं.

काम साधं होतं. प्रत्येक घरी एक रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा डबा द्यायचा, दिवसरात्रीची सगळी लघवी त्यात धरायची, दुसऱ्या दिवशी डबा आणायचा, त्यात आम्ल घालायचं आणि मॅग्नेशियम मोजायचं. लोकांना हे पटवणं साधं नव्हतं. बायका पदरात तोंड घालून हसायच्या. एक आजोबा म्हणाले, "पावणं, आमचं काय घिऊन चाललाय त्ये तरी बघा." पण तू तुझ्या त्या हळू आवाजात समजावलंस आणि डबे भरून यायला लागले. तुलना करायला कोल्हापुरातल्या होस्टेलची पोरं घेतलीस. गावाचे आकडे आणि होस्टेलचे आकडे शेजारी ठेवले तर जमीनअस्मानाचा फरक. गावाच्या लघवीत मॅग्नेशियम कितीतरी जास्त. त्या दिवशी स्टँडवरून माझ्या दवाखान्यापर्यंत तू भर उन्हात जवळजवळ पळत आलास. पेशंट बसलेले असताना मला आतल्या खोलीत ओढलंस. त्यावरचा तुझा शोधनिबंध एका चांगल्या नियतकालिकात छापून आला तेव्हा अब्बा हयात नव्हते, एवढीच तुझी हळहळ होती.

आता शालन. तू तिच्याविषयी नंतर कधी नावानं बोलला नाहीस, "ती मुलगी" म्हणायचास. पंधरा-सोळाची होती. उंच, बोलायला धीट, आईवर गेलेली. हाताची बोटं आखडून यायची, पायात गोळे यायचे, चेहरा सुजलेला. एक्स-रेच्या फोटोत दोन्ही बाजूंना खडे दिसत होते आणि रक्तातला युरिया वाढलेला होता. मूत्रपिंडं दमली होती, हे तुलाही दिसत होतं आणि मलाही. अशा पेशंटला मॅग्नेशियम द्यायचं नसतं. दमलेलं मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही, ते अंगात साचतं, माणूस ढिला पडत जातो आणि शेवटी श्वास मंदावतो. मी ते बोलून दाखवलं. तू तिचा आकडा माझ्यापुढं ठेवलास. लघवीतून इतकं मॅग्नेशियम जातंय, मग साचेल कुठून? तिचं मूत्रपिंड दमलंय पण गळतंयही, आणि ही गळतीच तिच्या पेटक्यांचं कारण आहे. रक्तातलं मॅग्नेशियम मोजायची तेव्हाची आपली रीत भरवशाची नव्हती, म्हणून सगळी भिस्त लघवीवर. आकड्यापुढं मी माघार घेतली. आकडा खोटा नव्हताच. डब्यात खरंच तेवढं मॅग्नेशियम होतं.

तू तिला मॅग्नेशियमच्या पुड्या सुरू केल्यास, अगदी थोड्या मात्रेनं. आणि दर आठवड्याला स्वतः येऊन तिच्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारून बघायचास. मॅग्नेशियम साचायला लागलं तर सगळ्यात आधी पाय उडायचा बंद होतो, ते कळावं म्हणून. पाय उडाला की शालन खुदकन हसायची. म्हणायची, "आई, बघ की, म्या न्हाय हलवला, त्यो आपला आपणच उडतोय." तूही हसायचास. कातडं मीठ उचलताना जसा चेहरा व्हायचा तसा तुझा चेहरा व्हायचा.

मग नदी चढली. दरवर्षी चढते, त्या वर्षी उतरेचना. गावाचा रस्ता पाण्याखाली, तू कोल्हापुरात, मी कुरुंदवाडात, मलाही चारी बाजूंनी पाणी. पुड्या घरात होत्या आणि तिची आई नेमानं देत होती. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून एकही चुकवली नाही, हे तिनं आपल्याला नंतर अभिमानानं सांगितलं. पोर आधी झोपाळली. मग हात उचलेना. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे. पाणी उतरल्यावर मी नावेतून गेलो, तेव्हा तिला पोचवून लोक नदीवरून परत येत होते.

तू म्हणालास, "युरिया वाढला असंल." मीही तेच म्हणालो. आपल्याला दोघांनाही ते खरं वाटत होतं. कोल्हापुरात तेव्हा अशा पेशंटसाठी दुसरं काय होतं? मूत्रपिंड गेलं की माणूस गेला.

काही महिन्यांनी तिच्या आईचा निरोप आला, की धाकटीच्याही पायात गोळे येतात, तिचं तपासा. मुलगी गेल्यावरही त्या बाईचा तुझ्यावर केवढा विश्वास होता बघ. आपण दोघं गेलो. तू डबा दिलास. आईनं तो घेतला, परसात नेला, चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि तो आतून बाहेरून खसाखसा घासायला बसली. मी अंगणातल्या बाजेवर बसून तिच्या नवऱ्याशी ऊसबिलाचं बोलत होतो. तुझ्याकडं बघितलं आणि बोलता बोलता थांबलो. तुझा चेहरा इतका पांढरा मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

तू तिला विचारलंस, "आक्का, दर वेळी असंच घासता?"

"व्हय की. दवाखान्याचं भांडं, वास मारतंय. घासल्याबिगर कसं वापरायचं? आन् तुमाला परत द्यायचं, घाण कसं द्यायचं?"

"सगळ्या घरांत?"

"सारी गल्ली घासतीया. चांगली राख लावून, थोडं पाणी फिरवून उनात उपडं घालायचं." तिनं हात थांबवला. "का वो, काय चुकलं का?"

"न्हाई," तू म्हणालास, "लई स्वच्छ केलंय."

स्कूटरवरून परत येताना घाटाजवळ तू म्हणालास, "कल्हईवाल्याच्या पोरानं भांडं बघितलं न्हाई." मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. राखेत मॅग्नेशियम असतं हे मी शाळेत कधीतरी वाचलं असेल. डब्याच्या बुडाला, कानाकोपऱ्याला चिकटलेली राख, आणि वर आपणच ओतलेलं आम्ल, म्हणजे राखेतलं मॅग्नेशियम विरघळून लघवीत उतरणारच. होस्टेलच्या पोरांनी डबा घासायचा प्रश्नच नव्हता, ती स्वतःचं ताट घासत नव्हती. त्यांचे आकडे खरे होते. गावातल्या बायका तुझा मान राखत होत्या, म्हणून गावाचे चुकले होते. तू कॉलेजात जाऊन स्वतः एक डबा राखेनं घासलास, त्यात नुसतं शुद्ध पाणी आणि आम्ल घालून ठेवलंस आणि मोजलंस, तर त्या पाण्यातही मॅग्नेशियम निघालं. मग सगळ्या घरांतून काचेच्या बाटल्या देऊन, समोर उभं राहून पुन्हा नमुने घेतलेस. फरक उरला नाही. गळती कधी नव्हतीच. शालनचं मूत्रपिंड इतर कुठल्याही दमलेल्या मूत्रपिंडासारखंच होतं, आणि तू दिलेलं मॅग्नेशियम त्यानं बाहेर टाकलं नव्हतं.

मी तुला म्हणालो होतो, ती तशीही जगली नसती. डॉक्टर म्हणून आजही माझं तेच मत आहे. तू म्हणालास, "किती दिवस जगली नसती? वर्षभर? सहा महिने? त्ये तिचं हुतं, माझं न्हवतं."

निबंध तू मागं घेतलास. विभागप्रमुख म्हणाले, थोडे नमुने वगळा, भाषा सौम्य करा, बाकीचं काम वाया कशाला घालवायचं. तू ऐकलं नाहीस. दोन ओळींचा खुलासा छापून आला, नमुन्यांची भांडी दूषित होती एवढाच. मागच्या खोल्या काही दिवसांनी कॉलेजला दुसऱ्या कशासाठी तरी लागल्या. बेडूक तू स्वतः नदीवर सोडून आलास. त्यानंतर तू फक्त शिकवलंस, आणि माझ्या माहितीप्रमाणे उत्तम शिकवलंस. पण तुझ्या तोंडून मॅग्नेशियम हा शब्द मी फक्त फळ्यावर लिहिण्यापुरता ऐकला.

आपलं खरं भांडण त्या खुलाशावरून झालं. मी म्हणालो, भांडी दूषित होती म्हणजे काय? राख लिही. दुसरा कुणी असंच खेड्यात डबे वाटेल, त्याला कळलं पाहिजे. शास्त्रात निम्मं खरं चालत नाही, हे तूच मला शिकवलंस. तू म्हणालास, भांडं म्हटलं की शहाण्याला पुरे. मी म्हणालो, तुला त्या बाईचं भय वाटतंय. तू म्हणालास, व्हय.

मग तू तिच्याकडं गेलास. एकटा, मला न सांगता. मला ते तिच्या नवऱ्याकडून कळलं. तू अंगणात उभा राहून सांगितलंस, की तुमची मुलगी माझ्या औषधानं गेली, माझं निदान चुकलं. एवढंच. का चुकलं ते सांगितलं नाहीस. ती बाई आधी तुझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं तुला जे नाही नाही ते ऐकवलं. तू हात जोडून उभा. शेवटी म्हणाली, या दारात पुन्हा पाय ठेवू नका. बाजारात एकदोघं या गोष्टीला भलताच रंग द्यायला बघत होते, तेव्हा तिच्या नवऱ्यानंच त्यांना गप्प केलं. म्हणाला, "माणूस घरी यिऊन सांगून गेला. तुमच्यातला कोण सांगंल?"

मी तुला झापायला कोल्हापूरला आलो. आठवतंय तुला? तुझ्या घराच्या गच्चीवर, वहिनी वाळवण गोळा करत होत्या. मी म्हणालो, तू सगळं आपल्या अंगावर घेतलंस, हा कुठला शहाणपणा? चूक तुझी होती, पण एकट्याची नव्हती. तिला सांग की नमुना बिघडला होता. तिनं मुद्दाम केलं नाही हे तीही समजेल. आज ती तुला खुनी समजते. गावात तुझं नाव निघालं की लोक थुंकतात, आणि हे लोक माझ्याकडं औषधाला येतात, मला ते बसून ऐकावं लागतं.

तू म्हणालास, "तिच्या घरात रोज भांडी घासत्यात रं बाळ्या. दिवसातनं दोनदा."

मी म्हणालो, "म्हणून?"

"म्हणून काय? जन्मभर रोज दोनदा तिनं ती राख हातात घ्यायची का?"

मी चिडलो. मी म्हणालो, हे तू ठरवणारा कोण? तिला खरं कळायचा हक्क नाही का? तू तिला लहान मूल समजतोस. तू म्हणालास, असंल. वहिनींनी कुरड्यांची पाटी खाली नेली, जेवायला हाक मारली, आपण जेवलो, आणि त्या विषयावर पुढं कित्येक वर्षं भांडत राहिलो. कधी फोनवर, कधी कुणाच्या लग्नात मांडवाच्या कडेला. मागल्या उन्हाळ्यात शेवटचं. मी म्हणालो होतो, तू मेलास तर मी जाऊन तिला सांगेन. तू हसलास. म्हणालास, "आधी मरू तरी दे की लेका."

अन्वर, मी चेष्टा करत नव्हतो. इतकी वर्षं मला खरंच वाटत होतं की तू चुकतोयस. मला तुझा तो भलेपणा गर्वासारखा वाटायचा. आणि वाईट वाटायचं ते वेगळंच. इतका बारीक बघणारा माणूस, बेडकाच्या कातड्यातून काय जातं आणि काय जात नाही ते ज्याला दिसायचं, त्याचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. जिथं आहे तिथं दूषित भांड्यांच्या खुलाशाखाली आहे. मला तुझं नाव धुऊन काढायचं होतं. निदान त्या एका घरात.

तुझ्या मातीला गर्दी होती. तुझे जुने विद्यार्थी आले होते, गल्लीतली माणसं होती, मीही मूठभर माती घातली. वहिनींना भेटलो तर त्या मलाच म्हणाल्या, "आता भांडायला कुणाशी जाणार तुम्ही?"

आणि काल ती आली.

दवाखाना सुटायच्या वेळेला आली आणि सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. आता पार वाळलीय. नवरा गेला, धाकटी सासरी सुखात आहे, तिचे गोळे कधीच थांबले. आत येऊन खुर्चीवर बसली नाही, जमिनीवर भिंतीला टेकली. म्हणाली, "गुडघा दुखतोय, पर त्येच्यासाठी आलो न्हाय."

मी म्हटलं, "बोला की आक्का."

"अन्वर डॉक्टर गेलं म्हणं."

"गेले."

"तुमी गेल्तासा मातीला?"

"गेलो होतो."

"म्याबी निगालो हुतो. यष्टीत बसलो. तिकीट काढायच्या आदी उतरलो." ती पदराशी चाळा करत राहिली. "दादा, येक इचारू? लई वरसं झाली, मनातनं जाईना. माणूस वाईट न्हवता. माझ्या पोरीला जीव लावायचा. मोजून मापून पुडी द्यायचा, दर आटवड्याला यायचा. असल्या माणसाचं चुकतंय कसं? नुसतं त्येंचंच चुकलं, का आनि काय हुतं? आमच्या घराकडनं काय झालं हुतं का? त्ये कवाच बोललं न्हाईत. आता त्ये न्हाईत. तुमी खरं सांगा. म्या काय बोलनार न्हाय."

तुला कळतंय ना, अन्वर? तिनं आपणहून विचारलं. मी तिच्या दारात जायची गरज राहिली नाही. माझ्या सगळ्या वर्षांच्या भांडणाचं उत्तर ती माझ्या दवाखान्याच्या फरशीवर बसून मागत होती. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर तू सुटला असतास. तुझं नाव त्या घरात स्वच्छ झालं असतं. ती तुझ्या कबरीवर जाऊन फूलही ठेवून आली असती, इतकी ती मोठ्या मनाची आहे, हे तुझ्याहून मला जास्त माहीत आहे. तिला खरं कळायचा हक्क होता. मीच तो तुला शंभरदा ऐकवला होता.

माझ्या तोंडातून शब्द निघाले ते असे: "तुमच्याकडनं काही चुकलं नाही आक्का. औषधाचा अंदाज डॉक्टरांचा चुकला."

"त्येंचाच?"

"त्यांचाच."

तिनं मान हलवली. मला वाटलं रडेल, पण रडली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सावरला आणि दारापाशी जाऊन वळली.

"मग यष्टीतनं उतरलो त्ये बरंच केलं म्हणायचं."

ती उत्तरासाठी थांबली होती. मी म्हणालो, "होय आक्का, बरं केलंत."